मुठीतलं माप

"हात सैल सोड गं पोरी. मूठ आवळलीस तर मला तुझं माप कळायचं कसं?"

कासारणीचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. तासगावजवळच्या आमच्या गावात श्रावण लागला की ती बांगड्यांची पेटी घेऊन दारात बसायची. काच टोचेल या धाकाने मी मूठ घट्ट मिटून घ्यायचे. ती एकेक बोट उघडायची, तळहात चोळायची आणि आपलंच जोडलेलं काहीतरी गुणगुणायची:

भर गं बाई भर, हिरवी काकणं भर,
मुठीमधी दडलंय काय, सांग गं खरंखर.

एका वर्षी मी मूठ सोडलीच नाही. शेवटी वैतागून तिने मोठ्या मापाच्या भरल्या. संध्याकाळपर्यंत त्या मनगटावरून घसरल्या आणि ओट्यावर पडून फुटल्या. मी भोकाड पसरलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "कासारणीची काय चूक त्यात?"

गेल्या शनिवारी म्हैसूरला, स्पृहाच्या शाळेच्या हॉलमध्ये बसलेली असताना, तो आवाज पुन्हा आला.

स्पृहा माझी मुलगी, तिसरीत आहे. ऑगस्टमध्ये शाळेने तिसरीच्या आणि पाचवीच्या मुलांची ऑनलाइन चाचणी घेतली, वाचनाची आणि गणिताची. निकालाचे कागद घरी आले आणि पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. म्हणून ही सभा. समोर वेदवती मिस, स्पृहाच्या वर्गशिक्षिका, तिसऱ्यांदा बंद पडलेल्या प्रोजेक्टरला हलक्या चापट्या मारत होत्या. त्यांचं घराणं पाच-सहा पिढ्या म्हैसूरचं, घरात मराठी. पण सभा कन्नडमध्ये चालली होती, मध्ये मध्ये इंग्रजी. नऊ वर्षांत मला कन्नड बऱ्यापैकी समजायला लागलंय. भांडण तर सगळंच समजतं.

शेजारी माझा नवरा, मिलिंद. येलवालच्या पुढे एका कारखान्यात तो यंत्रांच्या सुट्या भागांची तपासणी करतो. दिवसभर मापं घेतो, केसाएवढा फरक असला तरी भाग बाजूला काढतो. त्याच्या मांडीवर स्पृहाचा कागद होता. वाचन ३९४. गणित २१२. गणिताच्या आडव्या पट्टीवर ठिपका पार डाव्या टोकाला, आणि खाली लाल अक्षरांत 'आधारवर्गाची शिफारस'. म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीनंतर नाचाचे आणि ग्रंथालयाचे तास सोडून स्पृहाने पुन्हा दहापर्यंतची बेरीज करायची. हातच्याची वजाबाकी तोंडी करणाऱ्या, पाहुणे आले की किती वाट्या तांदूळ लागतील ते मला सांगणाऱ्या मुलीने!

"मिस, आमच्या श्रीवत्सला साडेचारशे," मागून हयग्रीव उभे राहिले. देवराज मोहल्ल्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि आवाजही दुकानातलाच. "पण कितीपैकी? पाचशेपैकी की हजारापैकी? मी पेढे वाटू की छडी आणू?"

हॉल हसला. मिस हसल्या नाहीत.

"पैकी नाही, सर."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे यात पैकी असं काही नसतंच."

मग जो गलका झाला! पैकी नाही तर पास कोण आणि नापास कोण? पहिला नंबर कुणाचा? मिलिंद माझ्या कानाशी म्हणाला, "बघ, यांनाच माहीत नाही." मला खरं तर त्या बाईंची कीव येत होती आणि रागही. चाचणी समजावून सांगणारी आठ पानांची पुस्तिका त्यांनी जूनमध्येच पाठवली होती. मी ती उघडलीच नव्हती, मिलिंदने उघडून फक्त तारीख पाहिली होती. हॉलमधल्या दोनशे जणांनी तेच केलं असणार, आणि आता सगळे त्यांच्यावर ओरडत होते.

"ऐकून घ्या," मिस म्हणाल्या. "उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो. चुकलं की सोपा येतो. त्यामुळे हुशार मुलाचेही जवळजवळ अर्धे प्रश्न चुकतात. चुकायलाच हवेत."

"चुकायला हवेत?" श्रीवत्सची आई सुप्रीता ताडकन उभी राहिली. "मग आम्ही फी कशाला भरतो?"

पुन्हा गलका. मिसनी पडद्यावर जिन्याचं चित्र दाखवलं, त्यावर चढणारा एक मुलगा. कुणी पाहिलं नाही. मग त्यांनी प्रोजेक्टरच बंद केला, पुढे आल्या आणि हातातली काचेची एक बांगडी काढून वर धरली.

"देवराज मार्केटात बांगडीवाला तुमच्या हाताचं माप कसं घेतो? एक घालून बघतो. सहज गेली की त्याहून लहान घेतो. अडकली की मोठी. जिथे जराशी अडकून मग जाते, ते तुमचं माप. अडकली म्हणून कुणी हात नापास करतं का?"

बायका गप्प झाल्या. सुप्रीतासुद्धा बसली. पुरुषांच्या बाजूने अजून कुजबूज चालू होती, पण ती मला ऐकू येईना. कासारणीचा आवाज आला, आणि पाठोपाठ माझा स्वतःचा, जुलैमधला.

शाळेने सरावासाठी तशीच चाचणी घरच्या संगणकावर दिली होती. कामावरून आला की मिलिंद चहा घेऊन स्पृहाच्या शेजारी बसायचा. ती दोन-तीन उत्तरं बरोबर द्यायची, प्रश्न अवघड व्हायचे, आणि चौथ्या-पाचव्याला ती अडायची. मग याचा आवाज चढायला लागायचा.

"विचार कर. मी बसलोय इथे. विचार कर म्हणतोय ना! कालच सांगितलं होतं हे. डोकं कुठे आहे तुझं?"

तो कधी हात उगारत नाही. नुसता आवाज. पण स्पृहाचे कान लाल व्हायचे, नखं तोंडात जायची, आणि रात्री ताटातला भात तसाच राहायचा. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत असायचे, आणि काड्याच भांड्यात अन् पानंच कचऱ्यात जायची. मध्ये बोलले असते तर तो आवाज माझ्याकडे वळला असता. म्हणून मी बोलत नव्हते.

एके दिवशी कारखान्यातून फोन आला म्हणून मिलिंद गच्चीवर गेला. मी पाहिलं, तर घाईत स्पृहाचं बोट चुकीच्या उत्तरावर पडलं, आणि पडद्यावर टोपलीतले आंबे आले. किती आंबे आहेत? सात! हिरवी खूण. परत सोपा. हिरवी खूण. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी तिच्या कानात म्हणाले, "राणी, सुरुवातीची तीन-चार चुकव. मग सगळी सोपी येतात. बाबांना सांगू नकोस हं."

त्या दिवसापासून घरात शांतता. चुकवायची तीन-चार उत्तरं ती बाबा चहा गाळून आणेपर्यंत उरकून टाकायची. तो येऊन बसेपर्यंत खाली हिरव्या खुणांची रांग लागलेली. प्रश्न काय आहे ते तो बघतच नव्हता, खुणा मोजायचा. "बघ, सरावाने जमतं की नाही?" म्हणायचा आणि तिला कोपऱ्यावरून आइस्क्रीम आणायचा. मीही एका रविवारी घारगे केले. चाचणीच्या दिवशी सकाळी, मी कणीक मळत असताना स्पृहाने विचारलं, "आई, शाळेतपण तसंच करायचं?" मी नीट ऐकलंही नाही. "हो गं, कर," म्हणाले. "डबा घेतलास का?"

सभा संपल्यावर एकेका पालकाला टेबलाशी बोलावत होते. आमची पाळी आली. बाहेर पायरीवर बसलेल्या स्पृहाला मी आत घेतलं. माझा हात तिने घट्ट धरला होता.

"बसा नोडी, बसा," वेदवती मिस आता त्यांच्या कन्नड मिसळलेल्या मराठीत बोलायला लागल्या. "सकाळपासून नुसतं पैकी, पैकी. स्वल्प पाणी पिते हं."

मिलिंदने कागद पुढे सरकवला. "मॅडम, मापं घेणं हा माझा धंदा आहे. एकच मुलगी, एकच आठवडा, वाचनात एवढी पुढे आणि गणितात एवढी मागे? हत्यारच बिघडलंय तुमचं. किंवा नेट गेलं असेल. मला फेरचाचणी हवी."

"फेरचाचणी मिळते की." मिसनी एक अर्ज काढला. "पण आज एकच्या आत जायला पाहिजे, आणि इथे कारण लागतं. नेट गेलं असं मी लिहिणार नाही, मिलिंदराव. गेलं नव्हतं. सगळी नोंद असते."

"मग तुम्हीच सांगा कारण!"

"तेच तर मला कळेना अल्ला, नाही का." त्यांनी आपल्या फोनवर एक तक्ता उघडून आमच्याकडे वळवला. "हे बघा. पहिले चार प्रश्न, चारही चूक. पण पहिल्याला हिने बावन्न सेकंद घेतले. दुसऱ्याला सेहेचाळीस. न येणारं पोर एवढं थांबत नाही हो, पटकन कायतरी दाबून मोकळं होतं. हिने वाचलं, कायतरी विचार केला आणि मग चुकीचं दाबलं. सलग चार चुकले की चाचणी पार खाली उतरते आणि मग हळूहळूच चढते, म्हणून पुढचे सगळे सोपे, सगळे बरोबर." त्या स्पृहाकडे वाकल्या. "पुट्टी, बाळ, काय झालं होतं त्या दिवशी? मी रागवणार नाही. सांग."

स्पृहाने आधी बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या हातातली तिची मूठ अजून आवळली.

"मला येत नव्हतं," ती म्हणाली.

"येत नव्हतं!" मिलिंदने कपाळावर हात मारला. "अडतीसमधून एकोणीस येत नव्हते? महिनाभर मी शेजारी बसलो ते काय झोपायला? मॅडम, टाका हिला त्या आधारवर्गात. हिची तीच लायकी."

शेजारच्या टेबलावरचे हयग्रीव वळून बघायला लागले. स्पृहा रडली नाही. कान तेवढे लाल झाले, आणि तिने मान खाली घालून पुन्हा एकदा, अगदी हळू, पाठ केल्यासारखं म्हटलं, "मला येत नव्हतं." बाबांना सांगू नकोस म्हटलं होतं मी, आणि ती कुणालाच सांगत नव्हती. लायकीवरचं ते वाक्यसुद्धा तिने माझ्यासाठी गिळलं.

भिंतीवरच्या घड्याळात एकला दहा मिनिटं होती. मिसनी पेन अर्जावर धरून ठेवलं होतं, कारणाच्या रिकाम्या जागेवर. मला वाटत होतं, त्यांनीच काहीतरी सुचवावं. मुलगी घाबरली होती म्हणावं, ताप होता म्हणावं, मी नुसती मान हलवीन. पण त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

मी स्पृहाची मूठ टेबलावर ठेवली आणि तिची बोटं एकेक करून उघडली. तळव्यात नखांच्या चार खुणा होत्या.

"लिहा मिस," मी म्हणाले. "आईने सांगितलं म्हणून चुकवलं."

"काय?" मिलिंद म्हणाला.

"तिला सगळं येत होतं. पहिली चार चुकव, मग सोपी येतात, बाबांना सांगू नकोस, असं मीच सांगितलं तिला. जुलैमध्ये. घरात शांतता राहावी म्हणून." मी मिलिंदकडे वळले. "तुझ्या आवाजाची भीती वाटते, मिलिंद. तिला वाटते. आणि मला तर तिच्याही आधीपासून वाटते."