मूस, किटली आणि पोटरी

"सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही," रेइनो म्हणाला आणि पोटरीवरची गोठलेल्या मटारांची पिशवी त्याने जरा वर सरकवली. "तुम्ही तर मुळीच ठेवणार नाही, मुकादम. म्हणून आधीच सांगतो, शब्दन् शब्द खरा आहे."

"बोल, पोरा," हेल्मर म्हणाला.

पोरगा अडुसष्ट वर्षांचा होता. हेल्मर त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. वीज कंपनीच्या तारा ओढण्यात दोघांची उमर गेली होती. हेल्मर टोळीचा मुकादम, रेइनो खांबावर चढणारा. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी हेल्मरच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की एक पुन्हा मुकादम व्हायचा आणि दुसरा पुन्हा पोरगा.

"टेकडीच्या दुसऱ्या वळणावर मूस उभा होता," रेइनोने सुरुवात केली.

मूस म्हणजे अमेरिकेच्या या उत्तर भागातलं घोड्याहून उंच सांबर, डोक्यावर शिंगांच्या दोन पराती. पण रेइनोचा मूस नेहमीचा नव्हता. त्याच्या शिंगांत म्हणे सबंध अस्वल आरामात झोपलं असतं. त्याने रेइनोकडे पाहून एक फुरफुर केली, तिच्या वाऱ्याने रेइनोची टोपी सुपिरियर सरोवरात जाऊन पडली. मग तो धावला, रेइनो धावला, आडव्या पडलेल्या झाडावरून रेइनोने उडी मारली आणि तेवढ्यात पोटरीत कळ आली.

"कधीची गोष्ट?" हेल्मरने विचारलं.

"आज सकाळची."

"आज. मंगळवारी."

"मंगळवारीच."

"आणि तू टेकडीवर होतास."

"मग आणखी कुठे असणार?"

हेल्मरने कपात पाहिलं आणि चमचा फिरवत राहिला. शेगडीशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, आर्लिसवहिनींना, एकदम खोकला आला. रेइनोने नाक वर केलं. "वहिनी, घरात ब्लीचचा वास येतोय का?"

"तळघर धुतलं मी," हेल्मर म्हणाला.

वहिनींचा खोकला वाढला. त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या.

आता खरं काय झालं, ते सांगतो.

रेइनो त्या सकाळी जिममध्ये होता. ही गोष्ट गावात कुणाला ठाऊक नव्हती, कारण हेल्मरचं जिमबद्दलचं मत साऱ्या गावाला ठाऊक होतं. "खार चाकात पळते तसली माणसं," तो म्हणायचा. "घराबाहेर एवढी टेकडी पडलीय, आणि हे पैसे देऊन जागच्या जागी चालतात!" त्यामुळे रेइनो मागच्या दाराने जायचा, डोळ्यांपर्यंत टोपी ओढून. तिथे तो ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चांगला चालत होता. एवढ्यात पोस्टातली मार्लिस शेजारून गेली आणि म्हणाली, "काय रेइनो, बरा आहेस ना?"

या गावात कुणी असं विचारलं की माणूस चालता चालता उत्तर देत नाही. थांबतो, टोपी काढतो, घरच्यांची, कुत्र्याची आणि मासळीची चौकशी करतो. जन्मभराची सवय. रेइनो थांबला. टोपी काढली. पट्टा मात्र थांबला नाही. कुत्र्यापर्यंत पोचायच्या आत रेइनो मागच्या भिंतीपाशी पोचला होता, आणि टोपी तेवढी पट्ट्यावरून त्याच्यामागोमाग येत होती.

तो जिममध्ये का जायला लागला, याला कारण होतं एक किटली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तारवाल्यांची जुनी टोळी टकल्या टेकडीवर चढायची. माथ्यावरून त्यांनी ओढलेल्या सगळ्या तारा दिसायच्या, पार सरोवराच्या काठापर्यंत. तिथे लाकडं पेटवून अंडं घातलेली कॉफी करायची. पावडरीत अंडं कवचासकट चुरायचं, ते उकळत्या पाण्यात सोडायचं, वरून गार पाण्याचा हबका मारायचा; मग गाळ तळाशी बसतो आणि कॉफी सोन्यासारखी नितळ उतरते. त्यासाठी हेल्मरची मोठी निळी पत्र्याची किटली पायथ्याशीच पाण्याने भरायची आणि एकट्याने वर न्यायची. मध्ये हात बदलायचा, माणूस बदलायचा नाही. टेकडीच्या मागून ट्रकचा रस्ता होता, त्याचं तर नावही काढायचं नाही.

हेल्मरने ती किटली वर्षानुवर्षं नेली. गेल्या साली पहिल्याच वळणावर त्याचे गुडघे बसले. त्याने किटली खाली ठेवली, रेइनोकडे पाहिलं आणि म्हणाला, "घे, पोरा." तेवढंच. मग एकटा खाली जाऊन ट्रकमध्ये बसला. वरून त्याच्यासाठी थर्मासमध्ये कॉफी आणली, तीही त्याने पाठ फिरवून प्यायली.

टोळीत आता चौघेच उरले होते. क्लेटन आणि वर्न यांनी यंदा उन्हाळ्यातच विषय काढला होता, की रेइनोलाही झेपलं नाही तर पुढच्या वर्षीपासून चर्चच्या तळघरात जमू, तिथे कॉफीचं यंत्र आहे, खुर्च्या आहेत. "त्या दिवशी मी चहा पिईन," हेल्मर म्हणाला होता, आणि हेल्मरने आयुष्यात चहा प्यायला नव्हता. म्हणून रेइनो गुपचूप हातापायांत जोर भरायला निघाला होता, आणि तीन आठवडे उरले असताना पोटरी धरून बसला होता.

जिममध्ये व्यायाम शिकवणाऱ्या डॅनेटने पोटरी दाबून पाहिली. ही बाई एकेकाळी आइस हॉकीत गोल सांभाळायची. तिच्यासमोर कुणी उगाच विव्हळत नसे.

"स्नायू ताणलाय, फाटला नाही," ती म्हणाली. "आता नीट ऐका. एक दिवस इथे यायचं. खुर्चीला धरून टाचा उचलायच्या, दोन्ही हातांत वजन घेऊन हळू चालायचं. दुसऱ्या दिवशी बाहेर, सरोवराकाठच्या सपाट वाटेवर. दुखायला लागलं की घरी. आणि टेकडी बंद."

"टेकडी बंद," रेइनोने मान डोलावली, आणि दुसऱ्याच दिवशी टेकडीवर गेला. परत आला तो काठी टेकत.

"मूस भेटला का?" डॅनेटने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या गावाला माहितीये. रेइनो, तुम्हाला किटली वर न्यायचीय की रुग्णवाहिकेतून हात हलवायचाय?"

"मला वाटलं, बाहेरचं चालणं ते खरं चालणं. हे इथलं आपलं…"

"खारीचं. माहितीये. सरळ सांगून का टाकत नाही मित्रांना, की जिममध्ये येतो म्हणून?"

"आमचे मुकादम मला जिवंत सोडणार नाहीत."

डॅनेट गालात हसली. पलीकडे वाफेने धुरकटलेली मोठी काच होती, काचेमागे ब्लीचसारख्या वासाचा पोहण्याचा तलाव. तिथे म्हाताऱ्या बायकांचा पाण्यात चालण्याचा वर्ग भरायचा. काचेमागून घुमत येणाऱ्या खणखणीत आवाजात कुणीतरी त्यांना दम देत होतं, "पाय उचला, गुडघा वर, सहलीला आलाय का!" मास्तर मोठा कडक दिसतो, रेइनोच्या मनात आलं.

"इथे निम्मं गाव मागच्या दाराने येतं," डॅनेट म्हणाली. "चला, टाचा उचला."

मग रेइनो शहाण्यासारखा वागला. एक दिवस आत, एक दिवस बाहेर. आत तो आरशासमोर वजनं घेऊन येरझारा घालायचा आणि कुणी हाक मारली तर आधी यंत्र बंद करायचा, मग टोपी काढायचा. बाहेर सरोवराकाठी बर्चच्या झाडांची पिवळी पानं पायाखाली येत, पाणपक्षी डोक्यावरून ओरडत जात, आणि पोटरी कुरकुरायला लागली की तो बाकावर बसून तिची समजूत घालायचा. आतल्या दिवसाने पाय घट्ट होत होता आणि बाहेरच्या दिवसाने मन. कुठल्या दिवसाची वाट आपण जास्त पाहतो, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

तो रविवार उजाडला स्वच्छ उन्हाचा आणि गोठलेल्या पांढऱ्या दवाचा. पायथ्याशी हेल्मर ट्रकमध्ये दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसला होता. त्याने स्वतः नळाखाली किटली भरली होती. अगदी काठोकाठ.

"पाय कसाय?" त्याने विचारलं.

"कसला पाय?" रेइनो म्हणाला आणि किटली उचलली.

पहिलं वळण सहज गेलं. त्यानंतर पोटरी बोलायला लागली. थांबावं तर क्लेटन लगेच तळघराचा विषय काढणार. रेइनो थांबला, किटली दगडावर ठेवली आणि एका झाडाकडे बोट दाखवलं.

"इथेच तो उभा होता. मूस."

"दुसऱ्या वळणावर होता ना?" वर्न म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"दुसऱ्या वळणावर त्याने मला पाहिलं. उभा इथे होता. मान केवढी लांब होती, कल्पना कर!"

पोटरी शांत होईपर्यंत मुसाची मान लांबत गेली. मग मंडळी निघाली. पुढच्या थांब्यावर मुसाच्या शिंगांत आर्लिसवहिनींची कपडे वाळत घालायची दोरी अडकली, चिमट्यांसकट, आणि दोरीवर हेल्मरची लांब लोकरी विजार फडफडत होती. त्याच्या पुढच्या थांब्यावर वारा सुटला, विजारीत हवा भरली आणि मूस जमिनीपासून वीतभर वर तरंगत येऊ लागला. क्लेटन खडकावर बसून डोळे पुसत हसत होता.

"चला," रेइनो म्हणाला.

"थांब की! मुसाचं पुढे काय झालं?"

"वर सांगतो."

"इथेच सांग," वर्न छातीवर हात ठेवून म्हणाला. "आणि जरा लांबव."

तेव्हा कुठे रेइनोच्या लक्षात आलं, की विसाव्याची गरज काही त्याच्या एकट्याच्या पोटरीला नव्हती.

माथ्याखाली दगडी पायऱ्यांचा चढ होता. तिथे मात्र गोष्ट संपली आणि कळ सुरू झाली. पहिल्या पायरीवर पोटरी आवळून आली, किटली हिंदकळली, थोडं पाणी बुटावर सांडलं. क्लेटनने हात पुढे केला. रेइनोने त्या हाताकडे पाहिलं. खाली, झाडांच्या फटीतून, हेल्मरचा लाल ट्रक काडेपेटीएवढा दिसत होता.

"चवड्यावर चढू नका," डॅनेटने बजावलं होतं. "अख्खं पाऊल टेकवा, टाच आधी. पाय दुखरा असेल तर चांगला पाय पुढे घ्या, आणि तरणं असल्याचं सोंग करू नका."

रेइनोने किटली दुसऱ्या हातात घेतली. टाच टेकवली. चांगला पाय वर, मग दुखरा त्याच्या शेजारी. पुन्हा चांगला, पुन्हा दुखरा. नव्या नवरीने उंबरा ओलांडावा अशा बेताने तो चढत राहिला, आणि मागे क्लेटन आणि वर्न तशाच पावलांनी. शेवटच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा वर्न म्हणाला, "इतक्या आरामात मी आजवर कधी चढलो नव्हतो. गेली तीस वर्षं आपण पळत का होतो?"

"मुकादम पुढे असायचा," क्लेटन म्हणाला.

लाकडं पेटली, पाणी उकळलं, अंडं फुटलं. खाली सगळ्या तारा उन्हात चमकत होत्या. त्यांच्याकडे पाहत तिघांनी कॉफी प्यायली, आणि तळघराचं नाव कुणी काढलं नाही. रिकामी किटली घेऊन उतरताना रेइनो लंगडत होता, पण शीळ घालत होता.

हेल्मर ट्रकच्या दारातच बसला होता. रेइनोने थर्मासमधून त्याला कप भरून दिला. हेल्मरने वास घेतला, एक घोट घेतला, डोळे मिटले. या वेळी त्याने पाठ फिरवली नाही.

"पायी नेलीस?"

"पायी."

"एकट्याने?"

"एकट्याने. हात बदलला, माणूस नाही."

हेल्मरने आणखी एक घोट घेतला. किटलीच्या दांड्यावरून त्याने बोट फिरवलं, धूळ पुसावी तसं. मग म्हणाला, "वर फार हसत होतात तुम्ही लोक. इथवर ऐकू येत होतं. काय होतं?"

"मुसाची गोष्ट," वर्न म्हणाला. "यांना पहिल्यापासून सांग, रेइनो."

रेइनोने ट्रकला पाठ टेकली, दुखरा पाय सैल सोडला आणि पहिल्यापासून सांगितलं. मान, दोरी, विजार, तरंगणं, सगळं. आणि हेल्मर एवढं मन लावून ऐकतोय म्हटल्यावर शेवटी चार शब्द जास्तच घातले. "…आणि मुकादम, तो मूस माझ्यापुढे येऊन थांबला. मला म्हणाला, काय रेइनो, बरा आहेस ना? मी आपला रीतीप्रमाणे थांबलो, टोपी काढली, म्हटलं घरचे कसे आहेत? आणि तेवढ्यात माझ्या पायाखालची जमीनच मागे…"

"खोटं!" हेल्मर गरजला. कप हिंदकळला. "एक नंबरचा खोटारडा आहेस! मूस कसला, मार्लिस होती ती पोस्टातली! आणि जमीन नव्हती, तो रबरी पट्टा होता. या डोळ्यांनी पाहिलंय मी, काचेतून. आमच्या सगळ्या बायका पाण्यात चालायच्या थांबल्या तुझ्या पायी, आणि त्यांना पुन्हा रांगेत आणता आणता माझा…"

हेल्मर थांबला.

क्लेटनने वर्नकडे पाहिलं. वर्नने रेइनोकडे पाहिलं. रेइनोने टोपी काढली आणि अगदी अदबीने विचारलं,

"धुतलेलं तळघर कसं आहे, मुकादम?"