खिडकी चारचा पेन्शनर

माणूस जिवंत आहे हे त्याच्याकडे नुसतं बघून कळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या पेन्शन ऑफिसात यावं. आमच्याकडे समोर उभा राहून शिंकणारा, भांडणारा माणूससुद्धा कागदावर अंगठा उमटेपर्यंत जिवंत नसतो. पेन्शनरने खिडकीशी यायचं, तोंड दाखवायचं, अंगठा द्यायचा, मग मी त्याच्या दाखल्यावर ‘हयात’ असा शिक्का मारायचा. एकोणतीस वर्षं मी हेच करतोय. खिडकी नंबर चार. ऑफिसात मला कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे ‘चारनंबर’ म्हणतात.

माझी बायको मुलीचं बाळंतपण करायला परदेशी गेली आणि नातीत अडकली. जावई जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. मुलगी एकटी. बायकोला एक वर्षाची मुदत होती. पण त्या देशात निवृत्त लोकांसाठी वेगळा व्हिसा आहे. तो मला मिळाला तर आम्हां दोघांना कायमचं राहता येणार होतं, लेकीच्या शेजारी, नातीच्या आवाजात. नाही मिळाला तर मुदत संपताच तिने परत यायचं आणि लेकीने एकटीने निभवायचं. फोनवर बायको एवढंच म्हणायची, “अहो, या ना आता. किती दिवस त्या खिडकीत बसणार?”

मी म्हणायचो, “थांब, एवढं काम उरकतो.” बत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की समोर असली की ती माझ्या आधी ओठ हलवून दाखवायची.

व्हिसाच्या कार्यालयात मी पगाराच्या बारा पावत्या घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी त्या बघितल्या आणि तशाच परत सरकवल्या.

“हा पगार आहे.”

“हो, नियमित आहे. एक महिना चुकलेला नाही.”

“काका, पगार चालत नाही. पगार म्हणजे तुम्ही अजून काम करता. पेन्शन दाखवा, सलग सहा महिन्यांची.”

“अहो, पण दोन वर्षांनी मी निवृत्त होणारच आहे.”

“होणाऱ्याला देत नाही. झालेल्याला देतो,” बाई म्हणाल्या आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

आता नोकरी आजच सोडावी, तर पुढे सहा महिने वाट बघायची, आणि एवढं करून व्हिसा नाकारला तर? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आमच्या वडिलांनी मला चालता येण्याआधी शिकवलं होतं. मी दोन डगरींवर पाय ठेवायचं ठरवलं. पडलो तर कोणत्या डगरीवर पडेन, हा विचार केला नाही.

आमच्या ऑफिसात एक जुनी पद्धत आहे. कुणाची निवृत्ती जवळ आली की त्याची पेन्शनची फाइल आधीच तयार होते, साहेबांच्या सहीसकट. फक्त निवृत्तीची तारीख पेन्सिलीने लिहितात, आणि तो दिवस आला की शाईने गिरवतात. का, ते कुणालाच माहीत नाही. माझी फाइल माझ्याच कपाटात होती. मी खोडरबर घेतलं, दोन वर्षांनंतरची तारीख पुसली आणि चालू महिन्याची शाईने लिहिली. पगाराचा विभाग वरच्या मजल्यावर आहे, आमचा खालच्या. दोघांत जावाजावांसारखा अबोला. वरून पगार येत राहील, खालून पेन्शन सुरू होईल, आणि व्हिसा मिळाला की पेन्शनची सगळी रक्कम मी गुपचूप परत भरीन. एक पैसा खायचा नव्हता, हे मी आजही कुणाच्याही समोर सांगेन.

एक गोष्ट मात्र विसरलो. नव्या पेन्शनरला पहिले सहा महिने दर महिन्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि कारकुनाने स्वतःची हयात स्वतः तपासायची नाही असा नियम आहे. हा नियम मीच नव्या लोकांना दरडावून सांगत आलो होतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला जेवणाच्या सुट्टीत तो आठवला तेव्हा माझं धाबं दणाणलं. आता माझ्या नावाचा पेन्शनर आणायचा कुठून?

जेवण तसंच टाकून मी खिडकीकडे आलो. माझ्या टेबलावर, माझ्या नावाचा दाखला, अंगठ्यासकट, शिक्क्यासकट पडला होता.

शेजारच्या खिडकीतल्या बाईंना आम्ही भिंगबाई म्हणतो. अंगठा भिंगाखाली धरल्याशिवाय त्या सख्ख्या आईलाही ओळखणार नाहीत.

“तुमचे पाहुणे येऊन गेले हो, चारनंबर,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जेवायला गेला होता, म्हणून मीच घेतला अंगठा. भाऊ का तुमचे?”

“मला भाऊ नाही.”

“मग चुलतभाऊ असतील. तुमच्यासारखेच, पण निवांत. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, दोन शब्द बोलले. तुम्ही आमच्याशी कधी दोन शब्द तरी बोललात?”

मी दाखला घेऊन त्यांचं भिंग मागितलं. माझ्या उजव्या अंगठ्यावर कागद कापायच्या सुरीचा जुना वण आहे, तिरपा. दाखल्यावरच्या अंगठ्यातही तो होता. तरी मी कागद फाइलला लावला, कारण दाखला नियमाप्रमाणे अगदी बरोबर होता.

मी तो प्रकार मनातून काढून टाकायचा ठरवला. चोराच्या मनात चांदणं, असं स्वतःलाच समजावलं. पण घरात काहीतरी बदलत होतं. सकाळी मी कुलूप लावून जायचो, संध्याकाळी यायचो, तर गॅलरीतल्या सुकलेल्या कुंड्यांना पाणी घातलेलं. पेपरातलं शब्दकोडं माझ्या अक्षरात सोडवलेलं. मला कधी सुटलं नव्हतं ते. एकदा लवकर घरी आलो तर खिडकीजवळच्या आरामखुर्चीची बसायची जागा हाताला कोमट लागली. मी उभ्याउभ्या सगळं घर तपासलं, कपाटंसुद्धा उघडली. कुणी नव्हतं. त्या खुर्चीत मात्र मी त्यानंतर बसलो नाही.

मग बायकोचे फोन बदलले.

“आज दुपारी किती छान बोललात,” ती एकदा म्हणाली. “तासभर! बाळाला गाणं काय म्हणून दाखवलंत! मला माहीतच नव्हतं तुम्हांला गाता येतं.”

दुपारी मी खिडकीत होतो. सत्तावन्न अंगठे घेतले होते त्या दिवशी.

“मी नव्हतो गं तो,” असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती इतकी खुशीत होती. इतक्या वर्षांत माझ्यावर इतकं खूश झालेलं मी तिला पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा मत्सर जास्त वाटला.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पाळत ठेवायचा प्रयत्न केला. पण तो नेमका मी साहेबांकडे गेलो की यायचा, रजिस्टर आणायला गेलो की यायचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणतात. आमचे सहा महिने भरत आले.

सहाव्या महिन्यात भिंगबाई रजेवर होत्या. मी ठरवलं, आज जागेवरून हलायचं नाही. रांग दारापर्यंत गेली होती. खाली मान घालून मी म्हटलं, “पुढचे.” एक हात आत आला. अंगठ्यावर तिरपा वण होता.

मी वर बघितलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! मीच होतो. पण डोळ्यांखाली काळं नव्हतं. खांदे सैल होते. उन्हात बसून चेहऱ्यावर जरा तजेला आला होता.

एकोणतीस वर्षांची सवय. तोंडातून आपोआप प्रश्न निघाले.

“नाव?”

त्याने माझं नाव सांगितलं.

“जन्मतारीख?”

तीही बरोबर.

“शेवटची नोकरी?”

“याच खिडकीत,” तो म्हणाला. “तुला उठायचं आहे का? उठत असशील तर मी जातो. आत्ता या क्षणी राजीनामा लिही, माझा दाखला फाडून टाक. मी परत येणार नाही.”

“मग व्हिसाचं काय?”

“तुझ्या नावाने नव्याने अर्ज कर. सहा महिने थांब. मिळेलही.”

“आणि नाही मिळाला तर?”

तो हसला नाही, रागावलाही नाही. “ती वाट बघतेय,” एवढंच म्हणाला.

“माहीत आहे मला!” मी ओरडलो. माझा आवाज चढलेला बघून मागचे लोक कुरकुरू लागले. एक आजी काठी आपटून म्हणाल्या, “अहो चारनंबर, आम्ही काय उभ्याउभ्या मरायचं का इथे?”

दाखला फाडला असता तर सगळं गेलं असतं. पेन्शनचा खोटेपणा उघडा पडला असता, नोकरीही गेली असती. शिक्का मारला तर व्हिसा हातात. व्हिसा एकदा आला की मी राजीनामा देईन आणि पहिल्या विमानाने जाईन, असं मी स्वतःला त्याच क्षणी वचन दिलं. आणि स्वतःची हयात स्वतः तपासायची नाही, हा नियम मोडून मी शिक्का मारला. हयात.

“उरक काम,” तो म्हणाला आणि निघून गेला.

सहा महिन्यांची पेन्शन दाखवून मी व्हिसाचा अर्ज आणि पासपोर्ट देऊन आलो. अकरा दिवसांनी व्हिसा कार्यालयाचा निरोप आला, अर्ज मंजूर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी खिडकी सोडता येईना, दुसऱ्या दिवशी साहेबांची तपासणी, तिसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून धावत गेलो.

त्याच बाई होत्या. त्यांनी वही उघडून बघितलं.

“काका, पासपोर्ट तुम्ही मंगळवारीच नेलात. सकाळी दहाला. ही तुमची सही, हा अंगठा.”

“मंगळवारी मी ऑफिसात होतो. हजेरीपट बघा! पगाराची पावती आहे माझ्याकडे!”

बाईंनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. “मग तो तुम्ही नसाल,” त्या म्हणाल्या. “आमचे काका निवृत्त आहेत.”

घरी आलो. मोठी बॅग नव्हती. माझे चांगले दोन शर्ट नव्हते. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलेलं होतं, शेवटचं. मी दोन दिवस फोनकडे बघत बसलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी लावला.

बायकोने उचलला. मागे बाळ खिदळत होतं, मुलगी कुणाला तरी “बाबा, अजून एकदा!” म्हणत होती.

“अगं, मी बोलतोय,” मी म्हटलं.

“कोण मी?”

मी माझं नाव सांगितलं. माझा आवाज तिला ओळखीचा वाटत असावा, म्हणूनच ती घाबरली असावी. मग तिने फोन तोंडापासून दूर नेला आणि आत हाक मारली, ती बत्तीस वर्षांची हाक.

“अहो, जरा येता का इकडे?”

“आलो, आलो,” आतून माझा आवाज म्हणाला, आणि लगेच चपला वाजल्या. तो पहिल्या हाकेला उठला होता.