पाच नावं

“सर, तोटी फिरवू नका, खाली बीकर नाहीये,” खासगी विद्यापीठाची प्रयोगशाळा दाखवणाऱ्या निकिता मॅडम म्हणाल्या.

संघपालने ब्युरेटवरचा हात काढून घेतला. तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्याची बावीस वर्षं गेली होती, पण तिथे त्याला कुणी सर म्हणत नसे. तिथे तो सगळ्यांचा मामा होता.

ब्युरेटमध्ये शोभेसाठी गुलाबी पाणी भरलं होतं. पाण्याच्या वर, काचेला आतून थेंब चिकटलेले होते. स्वच्छ काचेवर पाणी सलग पसरतं. थेंब धरले की काच धुतलेली नाही, हे तो दर जूनमध्ये नव्या मुलांना सांगायचा.

“पप्पा, लॅबला एसी!” श्रावस्ती म्हणाली.

“बर्नरला नळ्याच जोडल्या न्हाईत, बघ,” तो हळू आवाजात म्हणाला.

“जोडतील की. तुमच्याकडं नळ्या हायत, पण पोरं कुठं हायत?”

गेल्या वर्षी बी.एस्सी.ला सहा मुलं होती. यंदा पंधरा झाली नाहीत तर वर्ग बंद होणार होता. म्हणून सबंध मे महिना तो आणि कॉलेजातले प्राध्यापक धोंडप्पा सर मोटरसायकलवरून तेर, ढोकीकडची गावं फिरले होते. ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा आणि सांगायचं, “लांब कशाला पाठवता? आमच्याकडं टाका. माझीबी पोरगी तिथंच घालतोय.” नऊ घरांनी होकार दिला होता. ती नावं दोघांच्याच वह्यांत होती.

दहावं नाव श्रावस्तीचं. पण ती हटून बसली होती. “आधी नळदुर्गच्या पुढचं ते विद्यापीठ बघू, मग तुमच्या कॉलेजात टाका.” त्याला वाटलं होतं, जवळून पाहिलं की तिलाच कळेल.

ग्रंथालय पाहून झालं, वसतिगृह पाहून झालं. जिन्यात श्रावस्ती थांबली.

“पप्पा, खरं सांगू? तुमच्या कॉलेजात सगळे मला मामाची पोरगी म्हणतील. हितं मला कुणीच वळखत न्हाय.”

“मग काय वाईट हाय त्यात? मामाच हाय मी.”

“वाईट न्हाय हो,” ती म्हणाली आणि रडू लागली. त्याने खिशातला रुमाल दिला.

कार्यालयात निकिता मॅडमनी फीचा कागद समोर ठेवला. संघपालने आकडा वाचला आणि कागद पालथा घातला. श्रावस्ती बाहेर जाऊन काचेपलीकडच्या बाकावर बसली.

“एक मार्ग आहे सर,” मॅडम म्हणाल्या. “तुमची पालकांशी ओळख असते. पाच मुलांची नावं, फोन नंबर द्या. त्यांनी इथे प्रवेश घेतला की हिची फी माफ.”

“आमच्याच कॉलेजात येणारी पोरं हायती ती.”

“सगळेच देतात सर.”

त्याने बाहेर पाहिलं. श्रावस्ती रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. मग त्याने वही काढली.

“महारुद्र,” तो वहीत बघत म्हणाला. “तेर. त्यांची अर्पिता.”

मॅडमनी संगणकावर पाहिलं. “हे आलेलं आहे सर. दुसरं सांगा.”

“आलेलं?”

“गेल्या आठवड्यात कुणीतरी दिलंय.”

“लिंबाजी. ढोकी.”

“हेही आलंय.”

तिसरं आलं होतं. चौथं आलं होतं. पाचव्या नावाला मॅडमनी पडद्यावरून नजर काढली आणि त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “सर, तेर-ढोकीकडची नऊ नावं इथे एकानेच दिलीत, तुम्ही सांगताय त्याच क्रमाने. दुसऱ्या गावांत कुणी नाही का?”

धोंडप्पा सरांकडे जिल्हाभराच्या ओळखी होत्या. संघपालकडे ही नऊच होती.

“न्हाय,” तो म्हणाला.

त्याने वही मिटली, खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि टेबलावर चहाच्या कपाचा ओला गोल उमटला होता तो बाहीने पुसून घेतला.