ओहायोत मोडका ठरलेला मिक्सर

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. जुना म्हटलं की तुम्ही लगेच हळहळायला लागाल, म्हणून आधीच सांगतो, माझी कीव करायची नाही. माझी मोटर शाबूत आहे, पाती धारदार आहेत, आणि आवाज म्हणाल तर शेजाऱ्याच्या झोपेचं खोबरं करीन असा आहे. मधली बरीच वर्षं मला मोडका म्हणत होते. ते खोटं होतं. कसं, ते सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुणी मोटर बसवली, कुणी स्क्रू पिळले, कुणी फडक्याने पुसून खोक्यात घातलं. याहून जास्त मला आठवत नाही, आणि तुम्हाला तरी तुमच्या जन्माचं काय आठवतं? तिथून मी आलो खानदेशात, पाचोऱ्याच्या एका भांड्यांच्या दुकानात. तिथे शरयूबाईने मला निवडलं.

शरयूबाई म्हणजे माझी मालकीण. चौथीपर्यंत शिकलेली, पण दुकानदाराच्या डोळ्यांतलं वाचणारी. तिने पदरात सुकं खोबरं बांधून आणलं होतं. दुकानातला एकेक मिक्सर लावायला सांगून ती त्यात खोबरं घालून बघू लागली.

दुकानदार म्हणाला, "मावशी, सगळे सारखेच असतात."

"सगळे सारखे असते तर मी घराजवळच्या दुकानात गेले असते," ती म्हणाली. "तुझ्याकडे उन्हातानात कशाला आले असते?"

माझी पाळी आली. मी खोबऱ्याचं पीठ केलं. तिने चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "हा बोलतो चांगला. हाच द्या."

मित्रांनो, त्या घरात मी राबलो आणि मिरवलोही. भाजलेला कांदा, खोबरं, लसूण, शेवभाजीचं काळंभोर वाटण. शेंगदाण्याची चटणी. गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन यायच्या आणि "शरयूबाई, जरा फिरवून घेऊ का?" म्हणायच्या. ती बटण दुसऱ्या कुणाला दाबू द्यायची नाही. मधेच वीज गेली की माझ्या झाकणावर हात ठेवून तिथेच उभी राहायची. वीज आली की आम्ही दोघंही काही झालंच नाही अशा थाटात पुढे सुरू.

मग तिचा मुलगा गिरीश शिकायला अमेरिकेला, ओहायोला निघाला. त्याचे वडील म्हणाले, "पोराला नवा मिक्सर घेऊन देऊ."

शरयूबाई म्हणाली, "नवा कसा निघेल कुणाला ठाऊक? हा माझ्या हाताखाली तयार झालाय. हाच जाईल." पोराच्या बॅगेतले चार शर्ट काढले आणि मला आत बसवलं. स्वतः मात्र कोपऱ्यातला पाटा धुऊन परत पुढे ओढला.

ओहायोत पोचलो तेव्हा माझी छाती फुगली होती. पहिल्या रविवारी गिरीशने माझ्यात कांदा-खोबरं घातलं आणि बटण दाबलं. मी जोर लावला. आणि काय सांगू, घाण्याच्या बैलाला डुलकी लागावी तसा मी फिरलो. एक गिरकी, अर्धी गिरकी, थांबलो.

गिरीशबरोबर राहणारी पोरं हसली. "अरे यार, याला जेटलॅग झालाय."

गिरीश इंजिनिअर. त्याला लगेच कळलं. भारतात भिंतीतून वीज जेवढ्या दाबाने येते, त्याच्या साधारण निम्म्याच दाबाने ती अमेरिकेत येते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणून लोक नाचणाऱ्याला हसतात. इथे अंगणच वाकडं होतं, आणि हसले मलाच. वाढीव दाब देणारा एक ठोकळा मिळतो, तो जोडला असता तर मी तिथेही गरजलो असतो. पण पोरांना परीक्षा होत्या, नोकऱ्या शोधायच्या होत्या. मला कपाटात ढकललं.

त्या रविवारी पाचोऱ्याहून फोन आला. "मिक्सर कसा चालतो रे?"

"मस्त चालतो, आई."

झालं. एकदा सांगितलेलं खोटं पाळलेल्या मांजरासारखं असतं, रोज त्याला काहीतरी घालावं लागतं. दर फोनला ती विचारायची आणि दर फोनला तो मस्त म्हणायचा. तिने गल्लीभर सांगितलं, "माझा मिक्सर अमेरिकेत फिरतोय." नवरा दुसरा घेऊ म्हणाला की म्हणायची, "एक आहे ना? गिरीश वापरतो की." आणि वर्षानुवर्षं पाट्यावर वाटत राहिली. तिचा उजवा खांदा धरला तो तेव्हा.

गिरीशला नोकरी लागली, लग्न झालं, कोलंबसजवळच्या डब्लिन गावात मोठं घर झालं. मी तळघरात गेलो. एका बाजूला आकाशकंदिलाचं खोकं, दुसऱ्या बाजूला बर्फावरून घसरायच्या लाकडी पट्ट्या. वर स्वयंपाकघरात त्याची बायको चारुता हिचा उंच, चकचकीत ब्लेंडर होता. पाणी घातल्याशिवाय तो काही वाटत नसे. त्यातून चटणी निघायची नाही, चटणीचं सरबत निघायचं.

नवरा गेल्यावर शरयूबाई मुलाकडे राहायला आली. पहिल्याच आठवड्यात घर बघता बघता ती तळघरात उतरली आणि मी दिसलो. अंगावर धूळ, वायर गुंडाळलेली.

"हा इथे कसा?" तिने विचारलं.

गिरीश मागोमाग खाली उतरला होता. "आई, तो ना... म्हातारा झाला गं. खूप चालला, आणि मग मोडला."

मी मोडलो? त्या देशात मी खोबऱ्याचा एक तुकडासुद्धा पुरता वाटला नव्हता. शरयूबाईने पदराने माझी धूळ पुसली आणि म्हणाली, "दमलास रे बाबा. पोराला सांभाळलंस." मित्रांनो, न केलेल्या कामाची शाबासकी घेण्याइतकी लाज दुसरी नाही.

एका उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यांनी सुट्टीला ऑस्ट्रेलियात जायचं ठरलं. चारुताने सगळं बुकिंग केलं. समुद्रकाठचं घर, होडीतून देवमासे बघणं, कांगारू. आणि जाता जाता तिने तळघरही आवरायला काढलं. नको असलेलं सामान पोर्चवर ठेवायचं, आम्ही विमानात असू तेव्हा दान नेणारा ट्रक येऊन उचलेल, असा तिचा बेत होता. पोर्चवरच्या ढिगात मी पण होतो.

"आई, तो मोडकाच आहे ना?" चारुता म्हणाली.

"हो बाई, मोडकाच," शरयूबाई म्हणाली आणि गप्प बसली.

ते गप्प बसणं मला ठाऊक होतं. उतू जाण्याआधी दूध असंच गप्प असतं. गाडीत सामान भरत होते तेव्हा ती पोर्चवर आली, मला उचललं, आणि स्वतःच्या बॅगेतले दोन स्वेटर ढिगावर टाकून त्यांच्या जागी मला कोंबलं.

ब्रिस्बेनच्या विमानतळावर आमची बॅग अडवली. त्या देशात बी-बियाणं, माती, किडका दाणा, काहीही आत येऊ देत नाहीत. हातमोजे घातलेल्या एका अधिकाऱ्याने मला बाहेर काढलं. गिरीशचं तोंड उघडं ते उघडंच. चारुताने कपाळाला हात लावला. अधिकाऱ्याने माझ्या पात्यांखाली बॅटरी मारून बघितलं आणि हे कशाला आणलं म्हणून विचारलं.

चौदा वर्षांची नात अनया दुभाषी झाली. "आजी, ते विचारतायत, व्हाय."

"त्याला म्हणावं, तुझ्या घरातलं म्हातारं माणूस तू पोर्चवर ठेवून सुट्टीला जातोस का?"

अनयाने अधिकाऱ्याकडे बघून सांगितलं, "शी रिअली लव्ह्ज इट."

तो हसला. मला पुसून परत दिलं.

गाडीत चारुता म्हणाली, "आई, अहो, लोक सुट्टीला पोहायचे कपडे आणतात."

"तुम्ही आणलेत ना? मी कुठे पोहते?"

दुसऱ्या दिवशी चारुताची कॉलेजातली मैत्रीण सुवर्णा ब्रिस्बेनहून जेवायला येणार होती. शरयूबाईने जाहीर केलं, शेवभाजी होणार. कांदा भाजला, खोबरं भाजलं, आणि मला ओट्यावर बसवलं.

गिरीश धावत आला. "आई, तो मोडलाय गं. कशाला उगीच? आणि याचा प्लगही इथे बसणार नाही."

"बघू की. मोडलाच आहे तर आणखी काय मोडेल?"

"आजी, हे घे, ॲडॅप्टर," अनया म्हणाली आणि फोनच्या चार्जरजवळचं ते मोठं, सगळ्या पिना बसणारं डबडं काढून दिलं. बापाचा चेहरा तिला दिसला नाही. मला दिसला. ऑस्ट्रेलियातली वीज भारतासारखीच पुऱ्या दाबाची, हे त्याला माहीत होतं. मी फिरलो की त्याचं इतक्या वर्षांचं खोटं ओट्यावर पडणार होतं.

क्षणभर माझ्याही मनात आलं, गप्प राहावं का? पोराची अब्रू राहील. पण माणसाचं वेगळं. मिक्सरला बटण दाबल्यावर खोटं बोलता येत नाही.

शरयूबाईने बटण दाबलं आणि मी गरजलो. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. अनयाने कानांवर हात ठेवले. खिडकीबाहेरचे पांढरे पोपट उडून गेले. कांदा, खोबरं, लसूण, कशाचं काय राहिलं नाही, नुसतं काळंभोर, मऊ वाटण.

तिने बटण बंद केलं, झाकण काढलं, बोटावर घेऊन चाखलं. मग मुलाकडे वळली.

"हा मोडला होता ना?"

गिरीश खाली बघून म्हणाला, "तो तिकडे कधी चाललाच नाही, आई. एकदाही नाही. तिथली वीज याला पुरत नाही. तू एवढ्या हौसेने दिलेलास, तुला सांगवेना."

"मी इकडे पाट्यावर वाटत होते."

"म्हणजे? तू दुसरा घेतला नाहीस? मला वाटलं..." तो तिच्या खांद्याकडे बघत राहिला. "तू कधी बोलली नाहीस."

"तू तरी कुठे बोललास?" ती म्हणाली. तिचा आवाज जरा हलला, पण तिने तो लगेच सावरला. "झाकण धर. अजून एक घाणा काढायचाय. आज तू वाटायचंस."

आणि गिरीशने वाटलं. मी मुद्दाम जरा जास्तच गरजलो.

जेवताना सुवर्णाने भाजी तीनदा घेतली. "काकू, हा मिक्सर मला द्या ना. माझा नुकताच बिघडलाय. रोज वापरीन, शप्पथ."

चारुताला ते पटलं. ती काही वाईट बाई नाही, हिशोबी आहे. "आई, खरंच बरं होईल. इथे तो चालतो. तिकडे नेला तर परत तळघरात पडणार. जिथे चालतो तिथे राहू दे."

मित्रांनो, खरं सांगतो, माझंही मन झालं. पुऱ्या दाबाची वीज, रोजचं काम, कौतुक करणारी बाई. आणखी काय हवं असतं मिक्सरला?

शरयूबाईने घास खाली ठेवला. "बरोबर आहे तुझं. जे जिथे चालतं, ते तिथे ठेवावं. मग मला पाचोऱ्याला ठेवून या."

"आई, हे काय बोलताय?"

"खोटं बोलते का? पाचोऱ्याला मी एकटी बाजार करायची, बँकेत साहेबाशी भांडायची. गल्लीत माझ्यापुढे कुणी हूं की चूं करत नव्हतं. तुमच्या ओहायोत कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी कुणीतरी गाडी काढायची वाट बघते. दार वाजलं तर नातीला हाक मारते. माझंही तिथे निम्म्यावरच चालतं. मीही मोडकीच म्हणायची का?"

 मग चारुताने नवऱ्याकडे बघितलं.

"गिरीश, याला तिकडे चालवायला काही मिळतं का?"

"मिळतं. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर."

"कधीपासून मिळतं?"

"...पहिल्यापासूनच."

"मग इतकी वर्षं तू काय करत होतास?"

 सासू-सून एका बाजूला आणि इंजिनिअर एकटा दुसऱ्या बाजूला, असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

शरयूबाई सुवर्णाला म्हणाली, "तुला मी पाचोऱ्याहून चांगला बघून मागवून देते. दुकानदार अजून मला घाबरतो. हा मात्र मिळायचा नाही."

आता मी डब्लिनच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसतो. माझ्याखाली गुळाच्या ढेपेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आहे. तो सारखा गुणगुणतो. त्याच्याशी माझं फारसं जमत नाही, पण त्याच्यामुळे पुरी वीज मिळते हे मी मान्य करतो. ब्लेंडर बाजूला सरकला आहे. चारुताच्या मैत्रिणी डबे घेऊन येतात आणि शरयूबाई त्यांना बटण दाबू देत नाही. शनिवारी सकाळी चारुता तिला गाडीने मंडईसारख्या एका मोठ्या भाजीबाजारात सोडते आणि स्वतः गाडीतच बसून राहते. आत भाव करायला शरयूबाई एकटी जाते. इंग्रजी येत नाही. अडत काही नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, एखादा फिरत नसला तर त्याला मोडका म्हणण्याआधी भिंतीकडे बघा. त्याला काय लागतं ते विचारा, आणि जड असलं तरी ते आणून द्या. तेवढं करायचं नसेल तर निदान तो मोडला असं गावभर सांगू नका. आमच्यातले काही जण त्यावर विश्वास ठेवतात आणि खरंच गंजून जातात. मी ठेवला नाही.

आता सरका बाजूला. भांड्यात खोबरं पडलंय, आणि शरयूबाईचा हात बटणावर आहे.