कथलाचं कडं

कानेंगच्या बाटलीतलं कथलाचं पाणी पांढरं फटक पडलं होतं. हवा लागली की कथील-क्लोराईडचा गुण जातो, आणि त्या पाण्यानं धुतल्याशिवाय काचेवर चांदी नीट धरत नाही. अख्खं जॉस शहर पालथं घातलं, तरी दुसरं मिळेना.

शनिवारी ल्योपचं केसांच्या वेण्या घालायचं दुकान उघडणार होतं. तिच्या पुरुषभर आरशाची जुनी चांदी कानेंग खरवडून बसली होती, आता मागे फिरायची सोय नव्हती. नवरा, ग्यांग, गेल्यानंतरचं हे पहिलंच मोठं काम. ते फसलं तर आरशांचं दुकान दिराच्या ताब्यात जाणार, हे घरात ठरलेलं होतं.

"कोऱ्या काचेत बघून वेण्या घालील होय ती?" आच्याच्या बारीक दाण्यांची पेज ढवळत सासू म्हणाली. "काय अडलंय तुझं?"

"कथील हवंय, आई. आम्ल आहे माझ्याकडे. त्यात विरघळवलं की झालं."

"ऐका! खाणीत जन्मभर डोक्यावर कथलाची माती वाहिली मी, आणि माझी सून कथलावाचून अडलीय!"

म्हातारीनं हातातलं कडं उतरवलं. सासऱ्यांनी स्वतः ओतलेलं कडं ते. कानेंग मागे सरली.

"नको. बाबांची तेवढीच तर खूण आहे."

"म्हातारा असता तर माझ्याआधी त्यानंच काढून दिलं असतं. घे मुकाट्यानं."

वाकवताना कडं कुरकुरलं. कथील वाकताना कुरकुरतंच, तरी दोघीही थबकल्या.

"रडू दे त्याला," म्हातारी म्हणाली. "म्हणजे मला रडायला नको." पण तिनं तोंड फिरवलं होतं.

वाफा घरात नकोत म्हणून कानेंगनं अंगणातच गरम आम्लात अर्ध्या कड्याचे बारीक तुकडे टाकले. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ झालं. त्या पाण्यानं तिनं काच धुतली, साध्या पाण्यानं विसळली, आणि देवाचं नाव घेऊन चांदीचं द्रावण ओतलं. चांदीनं या कडेपासून त्या कडेपर्यंत काच धरली. एकही डाग नाही.

पहिल्यांदा आरशापुढे सासू उभी राहिली. डोक्याचा रुमाल सारखा करत म्हणाली, "म्हातारी झाले की गं मी!"

कानेंगनं तिच्यापुढे गुडघे टेकले. इतकं कुणी आपल्यासाठी केलं नव्हतं, सख्ख्या आईनंही नाही. तिनं उरलेलं अर्धं कडं पुढे केलं.

"याची अंगठी करून आणते, आई."

"बाटलीत तुकडा ठेवला तर पाणी बिघडत नाही, असं ग्यांग म्हणायचा ना?"

"हो."

सासूनं आपल्या हातानं ते अर्धं कडं बाटलीत सोडलं.

"राहू दे तिथंच. म्हातारा कामावर असलेलाच बरा. घरी बसला की कुरकुरतो."