डिफ्रन्सलला लावलेली परात

बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या आमच्या टोचन गाडीच्या डिफ्रन्सलचं झाकण म्हणजे वहिनीच्या लग्नातली परात होती. डिफ्रन्सल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा. आत दातेरी चक्रं नव्वद नंबरच्या घट्ट तेलात फिरतात, मागून झाकण असतं. मूळ झाकण उसाचा ट्रक ओढताना बांधावरच्या दगडाला लागून फुटलं. गाडी मिलिटरीच्या लिलावातली; नवं झाकण मिळायला एखादं युद्ध व्हावं लागलं असतं. भिमाजीदादाने घरातल्या सगळ्या वस्तूंना टेप लावून पाहिला. त्या घेराची एकच निघाली.

वहिनीने ती खुशीने दिली. परात देणारा तिचा भाऊ श्रीमंत तेव्हा रुसला होता. आमच्या बहिणीच्या लग्नात त्याला टोपी मिळाली, टॉवेल राहिला. "त्याच्या नावाच्या भांड्यात पीठ मळवत न्हाई," वहिनी म्हणाली. लोक भांड्याच्या काठाला बारीक नाव घालतात. श्रीमंतने परातीच्या पाठीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, बोटभर अक्षरांत ठोकून घेतलं होतं: 'सौ. कलाबाईस बंधू श्रीमंत यांजकडून'. परात मांडणीवर पालथी उभी केली की दारातून वाचता यावी, हा हेतू.

त्यानंतर तो भाऊबीजेला आलाच नाही. वहिनी पाट मांडायची आणि दिवेलागणीला गुपचूप उचलायची. यंदा मात्र येतो म्हणून निरोप आला. वहिनी इतकी खूश, की माझ्याशीसुद्धा गोड बोलायला लागली. आणि भाऊबीजेच्या सकाळी एसटीडीवाला सांगत आला, श्रीमंतचा टेम्पो कोपरगावच्या रस्त्याला बंद पडलाय, दाजींना टोचन घेऊन बोलावलंय.

टोचनात मागचा माणूस रस्ताभर पुढच्या गाडीचं बूड बघत बसतो. हे आम्हा तिघांच्या एकदमच लक्षात आलं.

"वाचलं तर तिथूनच माघारी फिरल," वहिनी म्हणाली.

"टेम्पो बंद हाय. फिरल कसा?"

"ढकलत नेईल. तुमी वळखत न्हाई त्याला."

मी परातीवर शेताच्या चारीतला चिखल थापला, घर सारवावं तसा. वाळल्यावर एक अक्षर दिसेना.

कोपरगावच्या रस्त्यावर जाऊन टेम्पोला रॉड जोडला. दादा पुढे आमची गाडी चालवायला बसला. श्रीमंतचं लक्ष दुसरीकडे ठेवायला मी त्याच्याशेजारी बसलो.

"पाव्हणं, ऊस बघा काय लागलाय."

"ऊस मी रोज बघतो."

एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. ओढ पडली की डिफ्रन्सल तापतं, तेल पातळ होतं. ठोकणाऱ्याने नाव इतक्या जोरात ठोकलं होतं की जागोजागी पत्रा झिरपत होता. वाळल्या चिखलावर काळी ओल उमटली. तिचा 'सौ.' झाला.

"दाजींनी गाडीला नाव दिलंय का?" श्रीमंत म्हणाला.

थोड्या अंतराने 'कलाबाईस' आलं.

"बायकोचं नाव. मानूस बरा हाय," श्रीमंत म्हणाला.

मग 'बंधू' आलं.

"पाव्हणं, बगळा," मी म्हणालो.

मान ठेवायचा म्हणून त्याने बगळा पाहिला. तोंड वळवलं तोवर तो स्वतः आला होता, आडनावाशिवाय, पण पूर्ण.

त्याने हॉर्न दाबला. गाड्या थांबल्या. तो उतरून आमच्या गाडीखाली गेला आणि नाकावर तेलाचा थेंब घेऊन बाहेर आला. दादा टोपी हातात घेऊन उभा.

"दाजी, ही परात."

"व्हय."

"कवापासून?"

"तुमी रुसल्यापासून."

"लई गाड्या वढल्या आसतील."

"कारखान्याचं समदं काम आपल्याकडंच."

"म्हंजी तेवढ्या लोकांनी माजं नाव वाचलं."

"तिथं दुसरं वाचायला काही नसतंय," मी म्हणालो.

श्रीमंत विचारात पडला. मग त्याचा चेहरा लाल झाला. "आन आज चिखल फासला? दुनियेला दाखवलं, आन ज्याचं नाव त्याच्यापासनं झाकलं?"

तो मैलाच्या दगडावर जाऊन बसला. "टॉवेलचं मी विसरलो हुतो. हे न्हाई विसरायचा."

दादाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगात दिवाळीचा नवा शर्ट होता.

"काढ," दादा म्हणाला.

मी राकेलमध्ये शर्ट बुडवून एकेक अक्षर पुसलं. श्रीमंत दगडावरून देखरेख करत होता.

"श्रीच्या वेलांटीत राहिलाय."

पुसला.

"यांजकडूनचं टिंबही घ्या."

घेतलं. तेव्हा कुठे तो उठला. "श्रीरामपूरला बाहेरून नका जाऊ. पेठेतनं घ्या. सावकाश."

पेठेत त्याने एकदा हॉर्न दिला, स्पेअर पार्टच्या दुकानापुढे. मी उघडाच होतो म्हणून खाली उतरलो नाही; तो एकटाच आत जाऊन आला.

घरी, देवळालीत पोचलो तेव्हा वहिनी ताट घेऊन दारात होती. तिने आधी भावाचा चेहरा पाहिला, मग गाडीचं बूड, मग माझी छाती. पाट मांडला होताच. श्रीमंत त्यावर बसला, टोपी सारखी केली. वहिनीने ओवाळलं.

श्रीमंतने मागून डबा ओढला आणि ताटात ठेवला. नव्वद नंबरचं गिअर ऑइल.

"परातीला घाल," तो म्हणाला. "गळतीया."

ताट एका बाजूला कलंडायला लागलं. वहिनीने डोळे पुसले आणि निरांजन तेवढं उचलून लांब धरलं.