मेट्रोचा कोबा आणि जॉर्डनचं तीर्थ

गराजचा कोबा ओरिसियाच्या नवऱ्याने, मेट्रोने, स्वतःच्या हातांनी घातला होता, त्यामुळे त्याचा ढाळ चुकलेला असणं शक्यच नव्हतं. त्याच्या मते पाणीच नाठाळ होतं. गाडीखालचा बर्फ वितळला की ते गटाराच्या जाळीकडे पाठ फिरवायचं, थेट स्वयंपाकघराच्या पायरीशी येऊन बसायचं, आणि सकाळपर्यंत त्याची काच व्हायची.

ओरिसिया पहाटे प्रार्थनेची मेणबत्ती लावण्याआधी पायरीशी मीठ टाकायची. कॅनडातल्या त्यांच्या सास्काचेवानमध्ये हिवाळाभर पुढचं दार कुणी उघडत नाही. सगळे गराजमधूनच आत येतात. आज ना उद्या कुणाचं तरी हाड मोडणार, हे तिला दिसत होतं. नवऱ्याला ती एकदाही टोचून बोलली नाही. फक्त नाताळच्या उपासात तिने रोज एक जास्तीची प्रार्थना म्हटली: देवा, हा कोबा नवा होऊ दे, आणि त्याआधी मेट्रोच्या तोंडून ‘चुकलं’ एवढं वदवून घे. दुसरं मागणं जास्त जड आहे, याची तिला कल्पना होती.

येशूच्या बाप्तिस्म्याच्या, म्हणजे जॉर्डनच्या सणाला पाणी मंत्रून फादर तारास ते घरोघर शिंपडत फिरायचे. ते येईपर्यंत ओरिसिया उपाशी राहायची. तोंडात पहिला घोट जायचा तो त्या तीर्थाचा. यंदा फादर गात गातच गराजमध्ये शिरले. काखेत तीर्थाने भरलेली लोणच्याची भलीमोठी बरणी, झाकण उघडं. दुसऱ्या पावलाला ते खाली बसले आणि बसल्या बसल्या, गाणं न थांबवता, घसरत पायरीपर्यंत आले. बरणी शाबूत राहिली. तीर्थ मात्र जवळजवळ सगळं डबक्यात गेलं.

“खुबा ठीक आहे,” फादर म्हणाले. “पुन्हा घसरू का?”

मेट्रो लाजेने लाल झाला आणि वायपर घेऊन धावला. ओरिसियाने हळूच त्याचा हात धरला.

“आता ते तीर्थ आहे. गटारात नाही जायचं. तुडवायचंही नाही.”

मेट्रोने फादरांकडे आशेने पाहिलं. फादर म्हणाले, तिचं बरोबर आहे. फडक्याने टिपून झाडाच्या मुळाशी घाला.

मग तिने इस्टरच्या टोपलीवर घालायचे भरतकामाचे पंचे काढले. मेट्रो गुडघ्यांवर बसून टिपायला लागला. जाळीपाशी टिपलं की उरलेलं पायरीकडे पळायचं. तो मागे, पाणी पुढे. फादर पायरीवर बसून बादलीत पंचे पिळत होते आणि प्रत्येक पिळ्याला एक कडवं म्हणत होते. ओरिसियाला हसू आवरेना. रिकाम्या पोटी हसून तिला गरगरायला लागलं, तशी ती भिंत धरून उभी राहिली. मेट्रोही हसायला लागला, घसरला, आणि पोटावर सरकत फादरांच्या बुटांशी येऊन थांबला. गाल कोब्याला टेकलेला. तिथून त्याला सगळा ढाळ एका नजरेत दिसला.



“चुकलं,” तो म्हणाला. “जाळी उंचावर आहे. बर्फ गेला की फोडतो.”

“हे पापनिवेदन धरायचं का?” फादरांनी विचारलं.

“कोब्यापुरतंच धरा.”

ओरिसियाने क्रूसाची खूण केली. बरणीच्या तळाशी घोटभर उरलं होतं, ते तिने डोळे मिटून घेतलं. मग ती तिघांसाठी गव्हाची खीर वाढायला आत गेली, तरी तिच्या हसण्याचा आवाज बाहेर येतच होता.